कलेतिहास आणि ग्राफिक डिझाइन एकत्र शिकताना: प्रवेशापासून पोर्टफोलिओपर्यंत

उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात कंटाळवाणा तास कोणता? दहातले आठ जण कलेतिहासाचं नाव घेतील. अंधार केलेल्या वर्गात स्लाइड सरकत राहतात, सनावळ्या वहीत उतरतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. हीच मुलं चौथ्या वर्षी कॅम्पेनला कल्पना सुचेनाशी झाली की रात्र रात्र पिंटरेस्टवर रेफरन्स शोधतात. तिथे सापडणारं बरंचसं कलेतिहासाच्या त्याच स्लाइडमधून कुणीतरी उचललेलं असतं, फक्त खाली नाव नसतं.

म्हणून या लेखात दोन्ही विषय वेगळे धरलेले नाहीत. कलेतिहास पेन्सिल हातात घेऊन शिकायचा आणि डिझाइन करताना आपल्याआधी हे कुणी, कशासाठी आणि कोणत्या साधनांनी केलं हे विचारायचं. ही सवय पहिल्या वर्षीच लागली तर चारही वर्षं सोपी जातात.

आधी वाट ठरवा

बारावीनंतर साधारण तीन वाटा आहेत.

महाराष्ट्रात सर्वात रुळलेली वाट म्हणजे उपयोजित कलेतली बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स), चार वर्षांची. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना 1857 ची. तिथे 1935 मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला आणि 1961 मध्ये त्याचीच स्वतंत्र संस्था झाली, जिला सगळे जण ‘जेजे अप्लाइड’ म्हणतात. पुण्यात अभिनव आणि भारती विद्यापीठ, नागपूर व छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालयं, गोव्यात पणजीच्या आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय असे पर्याय आहेत. राज्यातल्या बीएफए प्रवेशासाठी सीईटी असते. जेजेला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथली प्रवेशाची पद्धत संस्थेच्या संकेतस्थळावर वेगळी तपासा. मागच्या वर्षीच्या सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नका.

दुसरी वाट बी.डेस.ची, म्हणजे बॅचलर ऑफ डिझाइनची. आयआयटी मुंबईतली आयडीसी ही डिझाइनची शाळा 1969 ची. तिथल्या प्रवेशासाठी यूसीड ही परीक्षा, तर अहमदाबादच्या एनआयडीसाठी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) तिची स्वतःची दोन टप्प्यांची परीक्षा. बीएफएमध्ये हात, अक्षर, चित्र आणि जाहिरात यांची परंपरा पक्की असते. बी.डेस.मध्ये वापरणारा माणूस आणि त्याची अडचण यांवर भर असतो. ज्याला चित्र काढल्याशिवाय चैन पडत नाही त्याने बीएफएकडे जावं आणि ज्याला वस्तू अशी का आहे हा प्रश्न आधी पडतो त्याने बी.डेस.कडे, असं माझं ढोबळ मत आहे. अपवाद दोन्हीकडे भरपूर.

तिसरी वाट कलेतिहासातच पदवी घेण्याची. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातली ललितकला विद्याशाखा 1950 ची आणि तिथे कलेतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. शांतिनिकेतनच्या कलाभवनातही तो आहे. दिल्लीला जेएनयूमध्ये पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. दोन्ही विषय हवे असतील तर आधी बीएफए आणि मग कलेतिहासात एम.ए. हा क्रम सोयीचा. हाताचं वळण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लवकर बसतं, वाचन पुढेही वाढवता येतं.

सीईटीची तयारी

शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल तर निम्मं काम झालेलं आहे. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र हे तिथलेच विषय मोठ्या तोंडवळ्याने इथे भेटतात. सोबत सामान्यज्ञानाची वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका असते.

वस्तुचित्रात गुण जातात ते लंबगोलात. बादलीचं तोंड आणि बूड यांचे लंबगोल सारखे नसतात. डोळ्यांच्या पातळीपासून जितकं खाली जावं तितका लंबगोल फुगतो. रोज एक भांडं काढा, पण पारदर्शक असल्यासारखं, म्हणजे मागची न दिसणारी कडासुद्धा. वस्तू टेबलावर टेकलेली वाटायला हवी, म्हणून सावली शेवटी ठेवू नका, आराखड्यातच तिची जागा ठरवा.

स्मरणचित्रासाठी भाजी मंडई, एसटी स्थानक, सार्वजनिक नळ अशा जागी उभं राहून घाईघाईची रेखाटनं करा. चेहऱ्यांच्या मागे लागू नका. माणूस ओझं उचलताना कमरेत कुठे वाकतो, पिशवी धरलेला खांदा किती उतरतो, हे जमलं की चित्र जिवंत होतं. संकल्पचित्रात रंग कमी वापरणारा सहसा जिंकतो.

सामान्यज्ञानाचा पेपर मुलं शेवटच्या आठवड्यात पाठ करतात. त्यापेक्षा पुढे सांगितलेली कालरेषा आत्ताच सुरू करा, म्हणजे एका कामात दोन कामं होतील.

पहिलं वर्ष: लॅपटॉपची घाई नको

प्रवेश मिळाला की घरचे पहिली खरेदी लॅपटॉपची करतात. पहिल्या वर्षाचं बहुतेक काम हातानेच करायचं असतं: निसर्गचित्रण, द्विमित आणि त्रिमित संकल्प, रंग, अक्षरलेखन, मुद्राचित्र. तेच पैसे चांगला कागद, दोन-तीन चांगले ब्रश आणि पोस्टर कलर यांवर खर्च करा. लॅपटॉप दुसऱ्या वर्षी घ्या, तेव्हा कोणता हवा हेही कळलेलं असेल. तोवर सरावाला इंकस्केप आणि जिंप ही फुकट सॉफ्टवेअर घरातल्या जुन्या संगणकावरही चालतात.

सबमिशनच्या आदल्या रात्री वसतिगृहात काय चालतं ते सांगायला नको. त्यावर एकच उपाय मला कामाचा वाटतो: प्रत्येक असाइनमेंटचे रफ मिळाल्या दिवशीच काढायचे, वाईट का असेनात. कल्पना डोक्यात मुरायला वेळ लागतो. फायनल एका रात्रीत होऊ शकतं, रफ मात्र होत नाहीत. आणि रफ फेकू नका, पोर्टफोलिओत त्यांचीच गरज पडते.

कलेतिहास पेन्सिलीने शिका

घरात भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावा. मधोमध आडवी रेघ मारा. रेघेच्या वर जग, खाली भारत, त्यातही महाराष्ट्र. अभ्यासात जे जे येईल ते तारखेच्या जागी छोट्या चित्रासह चिकटवत जा. महिन्याभरात वरच्या आणि खालच्या गोष्टी एकमेकींशी बोलायला लागतात.

नमुना बघा. वरच्या बाजूला अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत सेनेफेल्डरने शिळामुद्रण, म्हणजे दगडावरून छपाई, शोधलं. खाली 1841 मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी त्याच तंत्राने पंचांग छापलं. वर 1891 मध्ये पॅरिसमध्ये चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं पहिलं पोस्टर लागलं, खाली 1894 मध्ये मुंबईत रविवर्मा प्रेस सुरू झाला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जेजेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके या प्रेससाठी काम करत होते. 1913 मध्ये त्यांनी पहिला चित्रपट दाखवला तेव्हा त्यांच्या गाठीला छपाई, छायाचित्रण आणि रंगभूमी हे सगळं होतं. आणखी पुढे या. वर 1919 मध्ये जर्मनीत बाउहाउस ही कला-डिझाइनची शाळा सुरू होते आणि 1933 मध्ये नाझींच्या दबावाखाली बंद पडते. मधल्या 1922 मध्ये तिथल्या कलाकारांची चित्रं कोलकात्यात प्रदर्शनाला आली होती. 1958 मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचं कौतुक केलं, आणि त्या अहवालाच्या पाठोपाठ 1961 मध्ये एनआयडी उभी राहिली. यातली प्रत्येक तारीख वेगळी पाठ करायची तर डोकं फुटेल. ओळीने लावली की तंत्र कुठून आलं, पैसा कुणाचा होता, गिऱ्हाईक कोण होतं ही गोष्ट दिसायला लागते आणि सनावळी आपोआप लक्षात राहते.

आता प्रत्यक्ष पाहणं. कोणत्याही कलाकृतीसमोर गेल्यावर पाटी वाचायची नाही आणि फोन काढायचा नाही. आधी डोळे बारीक करून गडद आणि उजळ असे दोनच भाग पाडा आणि तळहाताएवढ्या चौकटीत ते भाग भरा. मग मुख्य दिशा शोधा: नजर कुठून आत जाते, कुठे अडते, कुठून बाहेर पडते. ती बाणांनी दाखवा. नंतर मापं घ्या, पेन्सिल ताठ हाताने धरून डोकं धडात किती वेळा बसतं ते मोजा. एवढं झाल्यावर पाटी वाचा आणि मगच फोटो काढा. स्लाइडवर घारापुरीचा सदाशिव, म्हणजे तीन मुखांचा शिव, नेहमी एकाच उजेडात दिसतो. प्रत्यक्षात लेण्यात उत्तरेच्या प्रवेशातून आत गेलं की खांबांच्या रांगांतून तो अंधारातून पुढे येतो. सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या त्या शिल्पात मधला चेहरा शांत, एका बाजूचा उग्र आणि दुसऱ्या बाजूचा कोमल आहे. पोस्टरवर नजर आधी कुठे न्यायची आणि मग कुठे, हा आपला रोजचा प्रश्न तिथे सहाव्या शतकात दगडात सोडवलेला आहे.

अजिंठ्याला जाणार असाल तर सोबत छोटं भिंग किंवा दुर्बीण न्या. फ्लॅश चालत नाही. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी सगळे बघतात. तुम्ही नवव्या-दहाव्या लेण्यातली जुनी, सातवाहनकालीन चित्रंही बघा आणि दोन्हींतली रेषा शेजारी शेजारी वहीत काढा. मध्ये काही शतकं गेली आहेत, ती रेषेत दिसतात. जेजेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली 1872 पासून पुढे तेरा वर्षं याच चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या बऱ्याच लंडनला 1885 च्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतिकृतीही 1866 मध्ये लंडनमध्येच जळाल्या होत्या. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी, घारापुरीही सोमवारी. सहलीचं नियोजन करणाऱ्या वर्ग प्रतिनिधीने हे पाठ करावं, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

मुंबईत राहत असाल तर सहलीचीही गरज नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं लॉकवुड किपलिंग यांची, ते जेजेत शिकवायचे. व्हीटी स्थानकाच्या सजावटीत जेजेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत. फोर्टमधल्या न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या 1936 च्या इमारतीवर ना. ग. पानसरे यांची शेतकरी-कारागीर कोरलेली शिल्पं आहेत, आणि तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर 1933 चं रीगल चित्रपटगृह. पुण्यात राजा केळकर संग्रहालय, साताऱ्याकडे औंधचं श्रीभवानी संग्रहालय, मुंबईत भायखळ्याचं भाऊ दाजी लाड. प्रत्येक ठिकाणी एकच वस्तू निवडा आणि तिच्यापाशी अर्धा तास काढा. सगळं संग्रहालय पाहिलं म्हणणाऱ्याला बहुधा काहीच सांगता येत नाही.

पाहिलेलं डिझाइनमध्ये आणण्यासाठी एक स्वाध्याय देतो. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या आर्ट डेको इमारतींची नावं त्यांच्या भिंतींवरच अक्षरांत घडवलेली आहेत. 2018 मध्ये हा सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. एका इमारतीचं नाव निवडा, अक्षरं समोरून रेखाटा. सहा-सात अक्षरं मिळतील. त्यांवरून उरलेली संपूर्ण वर्णमाला तयार करा. मग त्याच स्वभावाची देवनागरी करा. इथे खरी गंमत सुरू होते, कारण रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं आणि आपलं शिरोरेघेला टांगलेलं असतं.

देवनागरीकडे पाठ फिरवू नका

हेल्वेटिका ही रोमन अक्षरशैली 1957 ची आणि स्विस, हे प्रत्येकाला माहीत असतं. निर्णयसागर विचारलं की शांतता. हा छापखाना जावजी दादाजींचा. त्यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईत देवनागरी खिळ्यांची फाउंड्री (छपाईचे खिळे ओतण्याचा कारखाना) काढली आणि त्या वळणावर मराठी-संस्कृत वाचकांच्या कित्येक पिढ्या वाचायला शिकल्या. अक्षररचनाकार र. कृ. जोशी जेजे अप्लाइड आणि आयडीसी दोन्हीकडे शिकवायचे. विंडोजमधला ‘मंगल’ हा फाँट त्यांचा. नाटकांच्या जाहिरातीतली कमल शेडगे यांची अक्षरं तर मराठी घरांत वर्तमानपत्रातून रोज येत होती. ग्रंथालयात जुनी फाइल मिळाली तर नाटकांचं पान काढा आणि त्यातली पाच शीर्षकं ट्रेस करा. नाव न वाचताही नाटक विनोदी की गंभीर ते कळतं का, हे तपासा.

संगणकावर देवनागरी लावताना तीन गोष्टी आधी बघा. एक, मजकूर युनिकोडमध्ये आहे का. श्रीलिपी किंवा शिवाजी अशा युनिकोडआधीच्या फाँटांतला जुना मजकूर असेल तर आधी रूपांतर करा आणि मग मुद्रितशोधन, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास सरकतात. दोन, इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू करा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरं हलन्तासह सुटी दिसतात. छापून आलेल्या फ्लेक्सवर ही चूक बघितली असेलच. तीन, मजकुराची भाषा मराठी निवडा. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयानुसार मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण आहेत. फाँटमध्ये मराठी रूपं दिलेली असतील तर भाषा बदलताच ती येतात, नसतील तर फाँट बदला. एक टाइप या मुंबईच्या गटाचा ‘मुक्ता’ फुकट मिळतो, सुरुवातीला तो पुरेसा आहे.

ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त ठेवा. वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार-ऋकार, दोन्ही बाजूंना जागा लागते. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवून शिरोरेघ तोडू नका. ते स्टायलिश नाही, तुटकं दिसतं.

एकदा छापखान्यात जाऊन बसा. ऑफसेटवर चार रंग एकावर एक कसे बसतात, रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची जुळणी, हललं की अक्षराला कशी सावली येते, कडेला 3 मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठीचा जादा भाग) का मागतात, हे तिथे तासाभरात समजतं. दिवाळी अंकांच्या दिवसांत मात्र जाऊ नका, कुणी उभं करणार नाही.

कलेतिहासाचा निबंध कसा लिहायचा

मुलांचे निबंध एका साच्यातले असतात: कलाकाराचा जन्म, शिक्षण, पुरस्कार, मृत्यू. चित्राबद्दल शेवटी दोन ओळी, त्याही ‘अप्रतिम’ आणि ‘मनमोहक’. हे उलटं करा.

समजा घरात जुनं, रविवर्मा प्रेसचं लक्ष्मीचं चित्र मिळालं. पहिला परिच्छेद फक्त दिसतं ते: पाण्यातल्या कमळावर उभी, चार हात, बाजूला हार घेतलेला हत्ती, साडी कशी नेसली आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो. विशेषण टाळा. दुसऱ्यात ते कसं घडवलं आहे: शरीराला पाश्चात्त्य पद्धतीची छाया, पण देवी समोरून, मूर्तीसारखी. तिसऱ्यात तंत्र. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. आजच्या ऑफसेटमध्ये ठिपके ठरावीक जाळीत असतात. शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असतो आणि ठिपके हाताने दिलेले, अनियमित असतात. जाळी दिसली तर तुमच्या हातात नंतरची नक्कल आहे, आणि तीही निबंधासाठी चांगलीच गोष्ट. चौथ्यात वापर: चौकट कुठे टांगली होती, धुराचे डाग आहेत का, कुणी वर जरी-टिकल्या शिवल्या आहेत का. तसं करण्याची पद्धत होती. कलाकाराचं चरित्र यातल्या ज्या मुद्द्याला लागेल तेवढंच, जागच्या जागी.

मग तुलना. दुकानातल्या आजच्या कॅलेंडरवरची लक्ष्मी शेजारी ठेवा आणि काय टिकलं, काय गेलं ते लिहा. हा निबंध दोन हजार शब्दांचा सहज होतो, आणि इंटरनेटवरून उतरवताच येत नाही.

पोर्टफोलिओ

शेवटच्या वर्षी कॅम्पेन, वैकल्पिक विषय आणि वार्षिक प्रदर्शन यांच्या गर्दीत पोर्टफोलिओ उरकला जातो. तो तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच बांधायला घ्या. दहा-बारा कामं पुरतात. पंचवीस ठेवली तर बघणारा सगळ्यात वाईट कामावरून मत बनवतो.

पहिलं आणि शेवटचं काम सर्वात बळकट ठेवा. प्रत्येक कामासोबत प्रश्न काय होता, रफ कोणते झाले, काय टाकून दिलं ते एका पानात दाखवा. निदान एक काम संपूर्ण मराठीत हवं आणि त्यात परिच्छेदाची मांडणी हवी, नुसतं सुलेखन नको. सुंदर ‘श्री’ बरेच जण काढतात. सोळा पानांची वाचनीय मराठी पुस्तिका मांडणारे फार थोडे असतात, आणि प्रकाशकांना नेमके तेच हवे असतात.

एखादं काम जुन्या शैलीवर बेतलेलं असेल तर तसं लिहा: कुणाचं, कोणत्या सालचं, कोणत्या माध्यमातलं. मुलाखतीत ‘हे कुठे पाहिलंत?’ हा प्रश्न येतोच. पिंटरेस्ट हे त्याचं उत्तर होत नाही. मूळ काम शोधून ठेवा, शक्य असेल तर त्यावरचं वहीतलं रेखाटनच शेजारच्या पानावर लावा. गटातून केलेल्या कामात तुमचा वाटा कोणता तेही स्पष्ट हवं.

पीडीएफ दहा एमबीच्या आत ठेवा, फाइलला स्वतःचं नाव द्या, आणि पाठवण्याआधी ती एकदा दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. देवनागरी फाँट फाइलमध्ये एम्बेड (समाविष्ट) झाला नसेल तर तिथेच कळेल.